तुळशीच्या लग्नाआधी बोर नाही

आमच्या घरात तुळशीचं लग्न लागेपर्यंत बोर खायचं नाही, असा नियम आहे. बाजार हा नियम पाळत नाही. दिवाळीचे फटाके संपतात न संपतात तोच कोपऱ्यावरच्या गाडीवर बोरांचा पहिला ढीग लागतो, आणि माझी सात वर्षांची लेक तिथून जाताना दरवेळी एकच विचारते, ‘लग्न कधी आहे?’ गाडीवाल्या मामांना वाटायचं, घरात कुणा मावशी-आत्याचं लग्न ठरलंय. एकदा त्यांनी तसं विचारलंही. तुळशीचं म्हटल्यावर ते हसले आणि ढिगातलं एक बोर तिच्यापुढे धरलं. तिनं ते घेतलं, पण खाल्लं नाही, फ्रॉकच्या खिशात ठेवलं. पुढे ते धुण्यात निघालं.

हा नियम मी वर्ध्याकडच्या माहेराहून आणला. तिथे त्याला कुणी नियम म्हणत नसे. शेताच्या बांधावर बोरी होत्या, त्यांच्याखाली आम्ही घुटमळायला लागलो की आजी म्हणायची, ‘अजून देवाचं लगन लागाचं हाये, बाप्पा.’ मग कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा यांमधल्या एखाद्या संध्याकाळी वृंदावनाभोवती ज्वारीच्या धांड्यांचा मांडव पडायचा. आत बोरं, चिंचा, आवळे, उसाचे तुकडे. अंतरपाट म्हणून कुणाचा तरी पंचा, आणि मंगलाष्टकं ज्याला जेवढी येतील तेवढी. अक्षता पडल्या रे पडल्या की देव बाजूला आणि पोरं बोरांवर.

पुण्यातल्या फ्लॅटला वृंदावन नाही, बाल्कनीत कुंडी आहे. नवरीच्या मामाचं काम माझा अकरा वर्षांचा मुलगा करतो, कृष्ण देव्हाऱ्यातला आणि मंगलाष्टकं सासूबाईंची. त्या रत्नागिरीच्या, त्यांची चाल वेगळी, आणि ‘सावधान’ इतकं लांबवतात की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागतो. सगळा सोहळा पंधरा मिनिटांत आटोपतो. माझ्या मते त्याहून जास्त वेळ लागूही नये. मुलांसोबत करायच्या गोष्टी जितक्या आटोपशीर तितक्या टिकतात.

मुलांना सण-वार कशाला शिकवायचे, यावर लोक संस्कृती, परंपरा, मुळं असे मोठे शब्द वापरतात. माझा हेतू त्याहून लहान आहे. आमच्या फ्रीजमध्ये मटार बारा महिने असतो, आमरस डबाबंद मिळतो आणि फोनवर बोट टेकवलं की दहा मिनिटांत दारात काहीही येतं. अशा घरात मुलाला ऋतू कळणार कसा? फार तर रेनकोटावरून. ऋतू कळायचा तर काही गोष्टी काही काळ मिळता कामा नयेत, आणि मग एका ठरल्या दिवशी भरभरून मिळायला हव्यात. मी बरीच वर्षं वेगवेगळे प्रकार करून पाहिले, तक्ते केले, निसर्गवही आणली. ती वही कुठे आहे ते देव जाणे. वाट बघायला लावण्याचं काम आपल्या जुन्या रीतींइतकं चोख दुसऱ्या कशानं केलं नाही.

सासरी हाच कायदा आंब्याला लागू आहे. कोकणातल्या घरात पेट्या फेब्रुवारी-मार्चपासून भरायला लागतात, पण सासूबाई अक्षय्य तृतीयेला देवापुढे आणि पितरांपुढे आंबा ठेवल्याशिवाय रस काढत नाहीत. तोवर कैरी चालते. म्हणजे चैत्रगौरीच्या दिवसांत पन्हं आणि वाटली डाळ असते, त्यामुळे उपाशी कुणी राहत नाही. वांग्याचं असंच. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदाभजी आणि थालीपिठं यथेच्छ हाणायची, दोन दिवसांनी एकादशी, की चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगं बंद. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगी पुन्हा सुरू. खरं सांगायचं तर कांदा-लसणाचा चातुर्मास आम्ही पाळत नाही, फक्त वांग्याचा पाळतो. मुलं तो अतिशय श्रद्धेनं पाळतात. बारा महिने पाळायलाही तयार आहेत.

यामागचं शास्त्रीय कारण मी सांगत नाही. कच्च्या बोरांनी घसा धरतो, पावसाळ्यात वांग्यात किडे असतात, आपले पूर्वज किती दूरदर्शी, असे निरोप सकाळी सकाळी सगळ्यांच्याच फोनवर येत असतात. त्यातलं काही खरं असेलही. पण आजीनं मला कधी कारण दिलं नाही, आणि मला ते मागावंसंही वाटलं नाही. मुलं विचारतात तेव्हा मी म्हणते, ‘कारण त्या दिवशी सगळे मिळून खातात.’ मुलाला हे पटत नाही. मुलीला पुरतं.

आता ज्यांच्या आतच वाट बघणं शिवलेलं आहे अशा काही रीती. माझ्या सगळ्यात लाडकीपासून सुरुवात करते.

विदर्भात भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला तिची पाठवणी होते. भुलोजी आणि भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, त्यांची मातीची मूर्ती आणि मांडीवर बाळ. खानदेशात हीच गुलाबाई. महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, टाळ्या-टिपऱ्या वाजवतात, आणि शेवटी तो क्षण येतो ज्यासाठी खरं म्हणजे सगळ्या आलेल्या असतात: खाऊ ओळखणं. घरची बाई झाकलेला डबा कानाजवळ खुळखुळवते. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. पश्चिम महाराष्ट्रात भोंडल्याची खिरापत ओळखतात ती हीच. फक्त तिथे मधोमध पाटावर हत्ती असतो, कारण हादग्याचं, म्हणजे भोंडल्याचंच, नातं हस्त नक्षत्राशी, सूर्य त्या नक्षत्रात जातो त्या सप्टेंबर अखेरीच्या पावसाशी.

हल्ली भोंडला एका संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये उरकतो. स्पीकरवर गाणी, नऊवारीतले फोटो, आणि खिरापत म्हणून केटररचे पॅकबंद डबे. त्या डब्यांवर आत काय आहे ते छापलेलं असतं! मग ओळखायचं काय? मी जाते, फेर धरते, फोटोतही असते. पण घरी नवरात्रात रोज संध्याकाळी जेवणाआधी एक डबा खुळखुळवतो, तो मला जास्त मोलाचा वाटतो. त्याला खर्च नाही. एक दिवस चुरमुरे, एक दिवस फुटाणे, एक दिवस शिळ्या पोळीचा लाडू. गोड की तिखट? भाजलेलं की तळलेलं? सासूबाई या खेळात फार दुष्ट आहेत. त्यांनी एकदा डब्यात साटं ठेवली होती, म्हणजे फणसाची वाळवलेली पोळी. तिचा आवाजच येत नाही. मुलं अर्धा तास डबा हलवत बसली, मुलानं ‘डबा रिकामा आहे’ असं जाहीर केलं, नवऱ्यानं कोकणातला असून हात टेकले. मुलाला या खेळात घ्यायचं की नाही, हा प्रश्न आमच्याकडे कधी आलाच नाही. माझ्या लहानपणी मुलगे लांब उभे राहून चिडवायचे आणि खाऊच्या वेळी बरोबर हजर व्हायचे. त्यापेक्षा फेरात घेतलेले बरे.

पोळा मात्र पुण्यात आणणं कठीण गेलं. माझ्या गावात आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकायचे आणि त्यांच्या कानाशी जाऊन सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ वर्षभर राबणाऱ्या जनावराला रीतसर जेवणाचं निमंत्रण! लहानपणी मी ते सांगताना खरोखर उत्तराची वाट बघायची. श्रावणी अमावास्येला बैल सजून तोरणाखाली उभे राहायचे, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, व्हायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आमचा, पोरांचा, तान्हा पोळा. नागपूरकर तो दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केला असं अभिमानानं सांगतात. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघते आणि सगळं शहर ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत रस्त्यावर येतं. आम्ही चाकांचे लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर जायचो आणि बोजारा गोळा करायचो. बोजारा म्हणजे बैलाला ओवाळून पोराच्या हातावर ठेवलेली नाणी. त्या पैशांचा हिशेब पुढे आठवडाभर चाले.

माझा तो बैल अजून आहे. गावच्या सुतारानं सागाचा केलेला, एक शिंग तुटकं. मुलीनं तो आमच्या इमारतीत फिरवायला सुरुवात केली. अमरावतीचं एक कुटुंब पाचव्या मजल्यावर राहतं, त्यांच्या जुळ्यांकडेही बैल होते, म्हणून मिरवणूक तरी झाली. लिफ्टमधून. दार उघडणाऱ्या लोकांना आधी वाटलं वर्गणी आहे. एका काकूंनी घाईघाईनं चॉकलेटं दिली, एका काकांनी बैल कुठून ऑनलाइन मागवला ते विचारलं. आता लोकांना कळलंय. काकू ओवाळायचं तबक तयार ठेवतात आणि बैलाला नैवेद्य म्हणून पुरणपोळीचा तुकडाही ठेवतात. तो तुकडा कोण खातं हे सांगायला नको. आदल्या संध्याकाळी मुलगी त्या लाकडी कानात आवतण सांगते. कुजबुजत सांगते, म्हणजे ती नक्की काय सांगते ते मला ठाऊक नाही.

पोळ्याचीच अमावास्या ती पिठोरी. त्या संध्याकाळी आई मुलांकडे पाठ करून बसते, खीर-पुरीचं पात्र डोक्यावर धरते आणि विचारते, ‘अतीत कोण?’, म्हणजे पाहुणा कोण. मुलांनी मागून आपलं नाव सांगायचं आणि मागच्या मागे ते पात्र घ्यायचं. एवढंच. यासाठी ना पुरोहित लागतो ना मखर. जुन्या घरांमधून हा मान मुलग्यांना असे. आमच्याकडे दोघं घेतात, आणि सासूबाई विचारतात तेव्हा माझा नवराही मागे जाऊन बसतो, ऑफिसच्या कपड्यांत. मुलगा आता अकराचा झाला. त्याला हल्ली या सगळ्याचा थोडा संकोच वाटतो. गेल्या वर्षी मी विचारलं, मुलीनं नाव सांगितलं, घेतलं. पुन्हा विचारलं. मागून काहीच नाही. पाठमोरी बसलेली असले की खोलीतलं काही दिसत नाही, हात भरून येतात. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आतल्या खोलीचं दार वाजलं आणि फुटलेल्या, नव्यानं जड होऊ लागलेल्या आवाजात उत्तर आलं, ‘मीच, अजून कोण असणार?’ वाट बघायला लावायची कला मी मुलांना शिकवते असं मला वाटत होतं. ती उलट्या बाजूनंही चालते.

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीपुढे मुलांना पुरणाच्या दिव्यांनी ओवाळतात. मुलं परगावी असतील तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. माझी आजी भिलाईच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या काकांसाठी टाकायची. आता माझी आई टाकते, कारण माझी धाकटी बहीण मेलबर्नला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही श्रावणात वर्ध्याला होतो तेव्हा मुलानं आजीला सांगितलं की चारी दिशांची गरज नाही, मावशी आग्नेयेला आहे. नकाशा काढून दाखवला. आईनं शांतपणे चारी दिशांना अक्षता टाकल्या आणि मग एक चिमूट आग्नेयेला जास्तीची.

या बहिणीचं प्रकरण मला फार विचार करायला लावतं. तिच्याकडे ऋतूच उलटे आहेत. संक्रांतीला तिथे कडक उन्हाळा. तिळगुळाचे लाडू हातात मऊ पडतात, आणि भोगीची भाजी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, हे सगळं चाळीस अंशांच्या जवळपास जाणाऱ्या दुपारी कोण खाणार? पहिली काही वर्षं तिनं निष्ठेनं खाल्लं. नंतर तिनं सरळ फेरफार केले. जानेवारीत तिळगूळ देतात-घेतात, पण जेवायला थंड कोशिंबिरी आणि पन्हं असतं. भोगीची मिसळीची भाजी जुलैत करते, तिथल्या गारठ्यात, मंडईत त्या आठवड्यात जे मिळेल ते घालून. आणि आंबा तर तिथे आपल्या दिवाळीच्या सुमारास बाजारात दिसायला लागतो, अक्षय्य तृतीयेला नाव नाही. तेव्हा तिच्या घरचा कायदा असा: तुळशीच्या लग्नाआधी आंबा नाही. आई हे ऐकून आधी गप्प झाली. मग म्हणाली, ‘बोर नाही तर आंबा. देवाले काय, दोन्ही गोडच.’

मला बहिणीचं पटतं. तिथी जशीच्या तशी ठेवून ताटातला ऋतू खोटा करण्यापेक्षा तिनं ताटातला ऋतू खरा ठेवला.

काही गोष्टी मी सोडूनही दिल्या. बोरन्हाण आम्ही मुलीला पाच वर्षांची होईपर्यंत केलं, किंक्रांतीनंतर रथसप्तमीच्या आत, गच्चीवर सतरंजी टाकून. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, बत्तासे. खरी मजा ज्याच्या डोक्यावर पडतं त्याची नसतेच, वेचणाऱ्यांची असते. आता याची पॅकेजेस मिळतात. पतंगांची कमान, बाळासाठी सिंहासन, आणि बोरांच्या जोडीला गोळ्या, मार्शमेलो. एका ठिकाणी तर पोरांना वेचू न देता प्रत्येकाच्या हातात भरलेली पिशवी दिली. तिथून आम्ही लवकर निघालो. मी आमंत्रणं नाकारत नाही, पण स्वतः करताना जिथे पोरांना लोळायला जागा नाही तिथे करायचं नाही एवढं ठरवलं आहे.

किल्ल्याचंही थोडक्यात. तयार प्लास्टरचा किल्ला आणायचा नाही. माती, विटा, जुनी पोती, आणि वर हळीव. हळीव पेरला की दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, म्हणून तो वसुबारसेच्या आधीच पेरावा लागतो. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात तमिळनाडूतला जिंजी आहे, म्हणून मुलानं त्या दिवाळीत हट्टानं जिंजी केला. बाल्कनीत तीन टेकड्या. तुळशीची कुंडी सरकवावी लागली.

कोजागिरीला आमच्याकडे दरवर्षी भांडण होतं. त्या रात्री घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायची रीत आहे, दूध आटवून, चंद्र दुधात दिसल्यावर. थोरला आपला पाटावर बसतो, नवे कपडे, हातात पाकीट. धाकटीचं म्हणणं असं की आधी जन्मणं ही काही कर्तबगारी नव्हे. मुद्दा बिनतोड आहे. तिला तान्ह्या पोळ्याचा बोजारा मिळतो, हे उत्तर मी देते, पण त्यात दम नाही हे दोघींना माहीत आहे.

यंदा तिनं एक नवंच भांडण काढलं आहे, थेट पंचांगाशी. दिनदर्शिकेत तिनं पाहिलं की अक्षय्य तृतीया २०२४ला १० मेला होती, २०२५ला ३० एप्रिलला आणि २०२६ला १९ एप्रिलला. आंबा दरवर्षी दहा-अकरा दिवस जवळ येतोय म्हणून ती खूश होती. मग मी तिला सांगितलं की चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी, म्हणून सण दरवर्षी अलीकडे सरकत येतात. झाडाला हे ठाऊक नसतं, ते सूर्याकडे बघून फळतं. मग साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून गाडी पुन्हा पुढे ढकलावी लागते. यंदा तो अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. परिणाम: २०२५ला तुळशीचं लग्न नोव्हेंबरच्या सुरुवातीला होतं, यंदा ते नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेच्याही पुढे गेलं आहे. ‘म्हणजे एक महिना उगाच वाढवला?’ तिनं विचारलं. हो. ‘कुणाला विचारून?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिचा आवडता सण आता संक्रांत आहे. ती सूर्याची, जवळपास हलत नाही.

अधिक महिन्याची भरपाई म्हणून तिला अनारसे दिसताहेत. पण तेही वाण जावयाचं, तेहतीस अनारसे, म्हणजे हक्कदार पुन्हा बाबा. माझी आई वर्ध्याहून येऊन करते आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग पंच्यावर सावलीत पसरून, पूर्ण सुकायच्या आत दळायचे, चाळायचे, किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून गोळे डब्यात मुरत ठेवायचे. मुरले नाहीत तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे फसफसून विरघळतो. मुलं दिवसातून चारदा डब्याचं झाकण उघडून वास घेतात आणि आजी चारदा ओरडते. बाबांनी तेहतीसांतले किती स्वतःकडे ठेवायचे आणि किती वाटायचे, यावर बोलणी चालू आहेत. मुलगा म्हणतो सरळ भागाकार करा. मुलगी म्हणते, जे हसतील ते सगळे तिचे. आजीनं ते मान्य केलं आहे, आणि आता ती पीठ जरा जास्तच मुरवते आहे असं मला वाटतं.